लिझे माइटनर : अणुगर्भाचे दुभंगणे ओळखणारी विदुषी

(शिक्षक, शासकीय कर्मचारी व ग्रामस्थ यांच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



उत्तर कन्नड जिल्ह्यात काळी नदीच्या काठी कैगा नावाचे गाव आहे. तेथील अणुवीज केंद्राचे नाव या भागात सर्वांच्या परिचयाचे आहे. गुजरातेत काक्रापार येथे असेच केंद्र आहे, आणि महाराष्ट्रात तारापूर येथे तर १९६९ सालापासून अणुशक्तीवर वीज निर्माण होत आली आहे. या केंद्रांत युरेनियम 'जळते' असे आपण सहज बोलून जातो. वस्तुतः तेथे लाकूड वा कोळसा जळावा तसे काहीच जळत नाही. युरेनियमच्या अणूचा गाभा, ज्याला अणुगर्भ म्हणतात, तो मधोमध दुभंगतो आणि त्या दुभंगण्यातून उष्णता निघते. तिने पाण्याची वाफ होते. पुढचे सारे, म्हणजे चक्र फिरणे आणि वीज निघणे, कोळशाच्या केंद्रासारखेच असते.

अणुगर्भ असा दुभंगू शकतो हे प्रथम कोणाच्या ध्यानात आले? १९३८ सालच्या डिसेंबर महिन्यात, स्वीडन देशातील एका बर्फाच्छादित रानात, एका आडव्या पडलेल्या झाडाच्या खोडावर बसून कागदाच्या चिठोऱ्यावर आकडेमोड करणाऱ्या दोघा जणांच्या. त्यांतील एक होता तरुण भाचा, आणि दुसरी त्याची मावशी. मावशीला नुकतेच साठावे वर्ष पुरे झाले होते. पाच महिन्यांपूर्वी ती आपले घर, आपली प्रयोगशाळा आणि एकतीस वर्षांचा संसार म्हणावा असा कामाचा पसारा मागे टाकून दोन लहान पेट्यांनिशी परदेशी आली होती. तिचे नाव लिझे माइटनर. आजच्या भाषणाचा विषय या माइटनरबाईंचे जीवन व कार्य हा आहे.

बाईंचा जन्म १८७८ साली ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे एका ज्यू कुटुंबात झाला. आठ भावंडांत त्या तिसऱ्या. वडील वकील होते. घरात पुस्तके होती, संगीत होते, बोलण्याचालण्याचे स्वातंत्र्य होते. परंतु घराबाहेर काय होते? त्या काळी व्हिएन्नात मुलींचे सरकारी शिक्षण चौदाव्या वर्षी संपत असे. त्यापुढे मुलीने शिवणटिपण शिकावे, फार तर शिक्षिका व्हावे, अशी समाजाची समजूत होती. युरोप म्हटले की तेथे सर्व काही पूर्वीपासूनच सुधारलेले होते असे आपणांस वाटते. म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगावयाची. आपल्या पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली मुलींना शिकविण्यास आरंभ केला, त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी, म्हणजे १८९७ साली, व्हिएन्ना विद्यापीठाचे दार स्त्रियांना उघडले.

दार उघडले, परंतु उंबरठा उंच होता. प्रवेश परीक्षेसाठी मुलांना आठ वर्षे शाळेत जो अभ्यास शिकवीत, तो बाईंनी खाजगी शिकवणीतून दोन वर्षांत उरकला. 'अभ्यास सोडून फिरतेस, म्हणजे नापास होणार!' असे म्हणून भावंडे त्यांना चिडवीत. १९०१ साली चौदा मुली त्या परीक्षेला बसल्या आणि चार उत्तीर्ण झाल्या. चारांत एक माइटनरबाई होत्या. पुढे विद्यापीठात त्यांना लुडविग बोल्ट्झमन यांच्यासारखा गुरू लाभला. अणू खरोखरच अस्तित्वात आहेत की ती केवळ हिशेबाची सोय आहे, असा वाद त्या वेळी मोठमोठ्या पंडितांत चालला होता. बोल्ट्झमन यांची अणूवर निष्ठा होती आणि ती निष्ठा त्यांनी शिष्यांच्या मनात उतरविली. १९०६ साली बाईंना डॉक्टरेट मिळाली. त्या विद्यापीठातून भौतिकशास्त्रात ही पदवी मिळविणाऱ्या त्या दुसऱ्या स्त्री होत.

१९०७ साली वडिलांनी दिलेल्या तुटपुंज्या मदतीवर त्या बर्लिनला गेल्या. दोनचार सत्रे शिकून परत यावे असा बेत होता. तेथे एकतीस वर्षे राहावे लागले, किंवा राहता आले असे म्हणू. बर्लिनमध्ये माक्स प्लांक यांची व्याख्याने ऐकण्याची परवानगी मिळाली आणि ओटो हान या समवयस्क रसायनशास्त्रज्ञाची गाठ पडली. किरणोत्सारी द्रव्यांवर काम करण्यासाठी हान यांना भौतिकशास्त्राचा जाणकार सोबती हवा होता. सोबती मिळाला, पण ती स्त्री निघाली! हान ज्या रसायन संस्थेत काम करीत तिचे प्रमुख एमिल फिशर यांचा नियम असा की, संस्थेत बायकांना प्रवेश नाही. अखेर तडजोड निघाली. तळघरात सुताराची एक जुनी खोली होती आणि तिला बाहेरून स्वतंत्र दार होते. बाईंनी त्या खोलीत काम करावे, मात्र वरच्या मजल्यावर पाऊल ठेवू नये! हान वरच्या मजल्यावर जात, इतरांशी चर्चा करीत, बाई खालीच. स्त्रियांसाठी शौचालय नसल्याने त्यांना रस्त्याने चालत जाऊन एका उपाहारगृहाचा आश्रय घ्यावा लागे. ही साधी गोष्ट चरित्रग्रंथांत एका ओळीत येते. ज्या शाळांतून मुलींसाठी अशी सोय नाही, तेथील शिक्षकांना या एका ओळीचा अर्थ वेगळा सांगण्याची आवश्यकता नाही. प्रशियातील विद्यापीठे १९०८ साली स्त्रियांना खुली झाली. मग फिशर यांनीही आपला नियम काढून टाकला आणि पुढे ते बाईंचे खंबीर पुरस्कर्ते बनले, हे त्यांच्याविषयी सांगितलेच पाहिजे.

याच सुमाराची एक गोष्ट आहे. १९०८ च्या डिसेंबरात अर्नेस्ट रदरफर्ड नोबेल पारितोषिक स्वीकारून परतताना बर्लिनला थांबले. बाईंचे शोधनिबंध त्यांनी वाचले होते. भेट होताच ते आश्चर्याने उद्गारले की, आपण तर तुम्हांस पुरुष समजत होतो! त्यानंतर रदरफर्ड आणि हान यांनी विज्ञानाच्या गप्पा मारल्या, आणि बाईंना रदरफर्डपत्नीबरोबर नाताळच्या खरेदीला पाठविण्यात आले.

१९१२ साली बर्लिनजवळ डालेम येथे कैसर विल्हेल्म रसायन संस्था निघाली. हान तेथे पगारी अधिकारी झाले. बाई आरंभी बिनपगारी पाहुण्या. त्याच वर्षी प्लांक यांनी त्यांना साहाय्यक म्हणून नेमले तेव्हा, वयाच्या चौतिसाव्या वर्षाच्या आसपास, त्यांना पहिले वेतन मिळाले. पहिल्या महायुद्धात त्यांनी ऑस्ट्रियन सैन्याच्या रुग्णालयांत क्ष-किरण परिचारिकेचे काम केले. जखमी सैनिकांचे हाल पाहिले. परत आल्यावर, हान युद्धकार्यात गुंतलेले असताना, एका नव्या मूलद्रव्याचा शोध त्यांनी बहुतांशी एकट्याने पुरा केला. ९१ क्रमांकाच्या या मूलद्रव्याचे नाव प्रोटॅक्टिनियम. १९१८ साली तो निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा त्यावर हान यांचे नाव पहिले होते. बाईंनी तक्रार केली नाही. सहकाऱ्याच्या मैत्रीखातर हे योग्यच, असे त्यांना त्या वेळी वाटले. पुढे काय घडणार होते हे आपणांस ठाऊक असल्यामुळे ही उदारता आज जरा टोचते.

१९२० नंतरची बारा-तेरा वर्षे त्यांच्या भरभराटीची. संस्थेतील भौतिकशास्त्र विभाग त्यांच्या स्वतंत्र ताब्यात होता. १९२२ साली त्यांना विद्यापीठात अध्यापनाचा अधिकार मिळाला, तेव्हा त्यांचे पहिले व्याख्यान 'विश्वविषयक भौतिकशास्त्र' या अर्थाच्या विषयावर होते. बाईमाणूस विश्वावर काय बोलणार, असे वाटून की काय, एका वर्तमानपत्राने ते 'सौंदर्यप्रसाधनांचे भौतिकशास्त्र' असे छापले! १९२६ साली त्या प्राध्यापक झाल्या. जर्मनीत भौतिकशास्त्रात हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. आइन्स्टाइन त्यांना आमची मारी क्युरी म्हणत. स्वभावाने त्या लाजाळू होत्या, परंतु प्रयोगशाळेतील शिस्तीत कठोर. किरणोत्सारी द्रव्याचा अंशही इकडेतिकडे सांडू नये म्हणून दाराच्या मुठीपासून दूरध्वनीपर्यंत कशाला कसा स्पर्श करावा याचे नियम त्यांनी घालून दिले होते. त्यांचे विभाग वर्षानुवर्षे स्वच्छ राहिले, म्हणूनच अत्यंत क्षीण किरणोत्सर्ग मोजण्याचे पुढील नाजूक प्रयोग तेथे होऊ शकले.

१९३३ साली जर्मनीत हिटलरची सत्ता आली. ज्यू म्हणून बाईंचा अध्यापनाचा अधिकार काढून घेण्यात आला. मात्र त्या ऑस्ट्रियाच्या नागरिक होत्या, आणि संस्था पूर्णपणे सरकारी नव्हती. म्हणून संशोधनाचे काम चालू राहिले. अनेक सहकारी देश सोडून गेले. बाई थांबल्या. जो विभाग आपण एकेक उपकरण जमवून उभा केला तो टाकून जाणे त्यांच्या जिवावर आले. असे थांबणे नुसता मूर्खपणा नव्हता, ती चूकही होती, असे त्यांनी पुढे स्वतःच लिहिले आहे. हा दोष इतरांनी त्यांना लावण्यापूर्वी त्यांनीच स्वतःला लावून घेतला.

आता विज्ञानाकडे वळू. १९३२ साली इंग्लंडात जेम्स चॅडविक यांनी न्यूट्रॉन हा कण शोधून काढला. या कणावर विद्युत्‌भार नसतो, त्यामुळे अणुगर्भाच्या अंगणात तो बिनविरोध शिरू शकतो. १९३४ साली रोम येथे एन्रिको फर्मी यांनी युरेनियमवर न्यूट्रॉनांचा मारा केला आणि काही नवी किरणोत्सारी द्रव्ये मिळाली. युरेनियमचा क्रमांक ९२. तेव्हा ही द्रव्ये ९३, ९४ अशी युरेनियमच्या पलीकडची असावीत, असा तर्क सर्वांनी केला. इडा नोडाक या जर्मन संशोधिकेने मात्र, गर्भ फुटून मोठे तुकडे तर झाले नसतील ना, अशी शंका त्याच वर्षी छापली. तिकडे कोणी लक्ष दिले नाही; माइटनरबाईंनीही नाही. हे कोडे उकलण्यासाठी बाईंनीच हान यांना गळ घातली आणि फ्रिट्झ श्ट्रासमन हा तरुण रसायनज्ञ त्यांना येऊन मिळाला. श्ट्रासमन यांनी नाझी संघटनांशी संबंध ठेवण्यास नकार दिल्यामुळे त्यांना अन्यत्र नोकरी मिळत नव्हती. याच गृहस्थांनी पुढे महायुद्धात एका ज्यू स्त्रीला आपल्या घरी लपवून तिचे प्राण वाचविले. चार वर्षे या तिघांचे काम चालले आणि कोडे सुटण्याऐवजी अधिक गुंतत गेले.

मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. एका रात्रीत माइटनरबाईंचे ऑस्ट्रियन नागरिकत्व आणि पारपत्र निरर्थक झाले. संस्थेवर संकट येऊ नये म्हणून हान यांनीच त्यांना, आपण येथे येऊ नये हे बरे, असे सुचविले. तीस वर्षांच्या सोबत्याकडून हे ऐकावे लागल्याचे दुःख त्यांना फार लागले. नामांकित ज्यूंनी देशाबाहेर जाऊ नये असा सरकारी आदेश निघाला. म्हणजे राहण्याची सोय नाही आणि जाण्याची मोकळीक नाही. अशा वेळी हॉलंडमधील डर्क कोस्टर या भौतिकशास्त्रज्ञाने धाव घेतली. त्यांनी आपल्या देशात खटपट करून प्रवेशाची परवानगी मिळविली आणि ते स्वतः बर्लिनला आले. १२ जुलै रोजी बाई नेहमीप्रमाणे संस्थेत गेल्या आणि रात्री आठपर्यंत एका तरुण सहकाऱ्याचा निबंध तपासत बसल्या, कोणाला संशय येऊ नये म्हणून. मग दीड तासात सामान बांधले. रात्र हान यांच्या घरी काढली. निरोप देताना हान यांनी आपल्या आईची हिऱ्याची अंगठी त्यांच्या हाती दिली. सरहद्दीवर पहारेकऱ्यांना द्यावी लागली तर असावी! दुसऱ्या दिवशी, १३ जुलैला, आगगाडीत कोस्टर जणू योगायोगानेच भेटल्यासारखे भेटले. सरहद्द निर्विघ्न ओलांडली. अंगठी द्यावी लागली नाही. पर्समध्ये दहा मार्क होते.

पुढे स्टॉकहोम येथील एका संशोधन संस्थेत त्यांना जागा मिळाली, पण जागाच. साहाय्यक नाहीत, उपकरणे नाहीत. बर्लिनशी संबंध पत्रांचा. नोव्हेंबरात कोपनहेगन येथे हान त्यांना गाजावाजा न करता भेटले. प्रयोगात रेडियम सापडत असल्याचे हान यांनी सांगितले. बाईंना ते पटेना. मंदगती न्यूट्रॉनाच्या धक्क्याने युरेनियमपासून रेडियम व्हावे हे भौतिकशास्त्रात बसत नव्हते. पुन्हा नीट तपासा, असा त्यांनी आग्रह धरला. हान व श्ट्रासमन यांनी पुन्हा तपासले, आणि १९ डिसेंबरला हान यांनी बाईंना पत्र लिहिले : ज्याला आपण रेडियम समजत होतो ते बेरियमसारखे वागते. याचा अर्थ काय लावावा? बेरियमचा क्रमांक ५६. युरेनियमच्या निम्म्याच्या जवळपास! रसायनज्ञाच्या हाती वस्तू आली होती. ती तेथे कशी आली हे सांगता येत नव्हते.

नाताळसाठी बाई स्वीडनमधील कुंगएल्व्ह या गावी एका स्नेह्यांकडे गेल्या होत्या. त्यांचा भाचा ओटो फ्रिश हाही भौतिकशास्त्रज्ञ, तोही निर्वासितच. सकाळी दोघे फिरायला निघाले, भाचा बर्फावर घसरण्याच्या फळ्या बांधून आणि मावशी तशीच पायी, भरभर चालत. हान यांची काही चूक झाली असेल, असे फ्रिश म्हणाला. हान यांच्या हातून अशी चूक होणे नाही, असे मावशीने निक्षून सांगितले. मग उत्तर दुसरीकडे शोधणे भाग होते.

हे उत्तर समजण्यासाठी पावसाळ्यातील अळूचे पान डोळ्यांपुढे आणावे. त्यावरील पाण्याचा थेंब मोत्यासारखा गोल राहतो, कारण पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या कातड्यासारखा त्याला आवळून धरतो. अणुगर्भ हा अशाच थेंबासारखा मानावा, हा विचार नील्स बोहर प्रभृतींनी मांडलेला होता. युरेनियमच्या गर्भात मात्र ९२ धनभारित प्रोटॉन दाटीवाटीने बसलेले असतात आणि ते एकमेकांना दूर लोटत असतात. बाईंनी व फ्रिशने हिशेब केला तेव्हा दिसले की, हे लोटणे थेंबाच्या आवळून धरण्याला जवळजवळ निष्प्रभ करून टाकते. अशा डळमळीत थेंबाला न्यूट्रॉनाचा एक धक्का पुरे. थेंब लांबतो, मध्यभागी कंबर बारीक होते आणि त्याचे दोन थेंब होतात. एक बेरियम, ५६. तर दुसरा क्रिप्टॉन, ३६. बेरीज करा, बरोबर ९२.

दोन्ही तुकडे एकमेकांपासून प्रचंड वेगाने दूर फेकले जाणार. त्यासाठी सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट एवढी शक्ती हवी. ती कोठून येते? येथे बाईंची स्मरणशक्ती कामी आली. अणुगर्भांची वजने काढण्याचे सूत्र त्यांना तोंडपाठ होते. दोन तुकड्यांचे मिळून वजन मूळ गर्भापेक्षा प्रोटॉनच्या एक पंचमांशाने कमी भरते, हे त्यांनी खोडावर बसल्या बसल्या काढले. आइन्स्टाइनच्या नियमाने त्या हरवलेल्या वजनाची शक्ती केली, तर येते बरोबर २० कोटी. दोन वेगळ्या वाटांनी केलेला हिशेब एकाच आकड्यावर येऊन मिळाला. कोळशातील कार्बनचा एक अणू जळताना जी शक्ती निघते तिच्या सुमारे पाच कोटी पट ही शक्ती आहे. एका अणुगर्भाच्या दुभंगण्याने डोळ्यांना दिसणारा वाळूचा कण उडी मारील, असे फ्रिश सांगत असे.

कोपनहेगनला परतताच फ्रिशने बोहर यांना हे सांगितले. आपण सगळे किती मूर्ख होतो, अशा आशयाचे उद्गार काढून बोहर यांनी कपाळावर हात मारला. पेशीचे विभाजन होते त्याला काय म्हणतात, हे फ्रिशने एका जीवशास्त्रज्ञाला विचारले आणि तोच शब्द उचलला. इंग्रजीत 'फिशन', मराठीत अणुविभाजन. मावशी-भाच्याने दूरध्वनीवरून मजकूर ठरविला आणि 'नेचर' पत्रात ११ फेब्रुवारी १९३९ रोजी तो प्रसिद्ध झाला. हान व श्ट्रासमन यांचा बेरियमविषयीचा निबंध जानेवारीतच आला होता. त्यावर बाईंचे नाव नव्हते. जर्मनीतून पळालेल्या ज्यू स्त्रीचे नाव घालणे त्या वेळी धोक्याचे होते. येथवर समजून घेता येते. परंतु हान यांनी नंतर, भीती उरली नाही तेव्हाही, हा शोध केवळ रसायनशास्त्राचा होता, भौतिकशास्त्राचा त्यात वाटा नाही, असेच सांगणे चालू ठेवले. हे समजून घेणे कठीण आहे. उलट श्ट्रासमन यांनी आमच्या गटाची बौद्धिक सूत्रे माइटनर यांच्याकडेच होती, असे स्पष्ट म्हटले आहे.

महायुद्धात अणुबाँबच्या कामासाठी बाईंना आमंत्रण आले. अन्य निर्वासित शास्त्रज्ञ त्यात सामील झाले, फ्रिशही झाला. स्टॉकहोमच्या उपेक्षेतून सुटण्याची ही संधी होती. बाँबशी आपणांस काहीही कर्तव्य नाही, असे सांगून त्यांनी ती नाकारली. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर बाँब पडल्यावर वर्तमानपत्रांनी त्यांना 'बाँबची जननी' ठरविले, याचा त्यांना संताप आला. त्याच वर्षीच्या जून महिन्यात त्यांनी हान यांना एक पत्र लिहिले होते. तुम्ही सारे नाझी जर्मनीसाठी राबलात आणि विरोध केलात तो निष्क्रिय, असे त्यात मैत्रीच्या नात्याने, पण न कचरता म्हटले होते. ते पत्र हान यांच्या हाती पडलेच नाही.

नोव्हेंबर १९४५ मध्ये रसायनशास्त्राचे १९४४ चे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. ते एकट्या हान यांना मिळाले. बाईंचे नाव दोन्ही शास्त्रांसाठी अनेकदा सुचविले गेले, परंतु पारितोषिक कधीच मिळाले नाही. त्या वेळच्या निवड समितीचे कागद पन्नास वर्षांनी खुले झाले तेव्हा, परीक्षकांना दोन शास्त्रांच्या सीमेवरील या कामाचे मोल नीट करता आले नाही, असे अभ्यासकांना आढळून आले. हान यांनी पारितोषिकातील काही रक्कम बाईंना दिली. त्यांनी ती आइन्स्टाइन यांच्या पुढाकाराने अणुशास्त्रज्ञांनी स्थापिलेल्या समितीस देऊन टाकली. मैत्री मात्र दोघांनी अखेरपर्यंत सांभाळली. १९६६ साली अमेरिकेचे एन्रिको फर्मी पारितोषिक हान, श्ट्रासमन आणि माइटनर या तिघांना मिळून देण्यात आले. प्रवास झेपत नसल्याने बाईंना ते केंब्रिजला आणून देण्यात आले.

२७ ऑक्टोबर १९६८ रोजी, नव्वदी पुरी होण्यास थोडे दिवस उरले असताना, त्यांचे केंब्रिज येथे निधन झाले. हान त्याच वर्षी जुलैत वारले होते. प्रकृतीमुळे ती बातमी बाईंना सांगितलेली नव्हती. इंग्लंडातील ब्रॅम्ली या खेड्यात भावाच्या शेजारी त्यांचे दफन झाले. माणुसकी कधीही न गमावलेली भौतिकशास्त्रज्ञ, अशा अर्थाचे शब्द त्यांच्या समाधीवर आहेत. ते फ्रिशने निवडले होते.

१९८२ साली जर्मनीतील डार्मश्टाट येथे १०९ क्रमांकाचे मूलद्रव्य तयार करण्यात आले. १९९७ साली त्यास 'माइटनेरियम' हे नाव अधिकृतपणे मिळाले. त्याच निर्णयात १०५ व्या मूलद्रव्याचे नावही ठरले. त्यासाठी 'हानियम' हे नाव बरीच वर्षे सुचविलेले होते. ते स्वीकारले गेले नाही आणि 'डुबनियम' हे नाव कायम झाले. शाळेच्या भिंतीवरील मूलद्रव्यांच्या नव्या तक्त्यात सातव्या ओळीत हे पाहावयास मिळते. तक्ता १९९७ पूर्वीचा असल्यास शिक्षकांनी तो बदलून घ्यावा.